न ऐकलेल्याची साक्ष

दूरदूरची आकाशवाणी केंद्रे मुद्दाम शोधून ऐकण्याचा एक छंद जगात आहे. छांदिष्ट मंडळी त्याला 'डीएक्सिंग' म्हणतात. 'डीएक्स' हा तारायंत्रवाल्यांनी 'अंतर' या अर्थी रूढ केलेला संक्षेप. गावातले केंद्र खणखणीत ऐकू येत असताना ते सोडून शेकडो मैलांवरचा, खरखरीत बुडालेला, ऐकता ऐकता विरून जाणारा आवाज धरण्यासाठी रात्रीच्या रात्री जागणाऱ्या माणसाला व्यवहारी जग वेडा म्हणते. आमच्या इंदूरच्या वाड्यात असा एक वेडा होता. ते आमचे थोरले काका; सारे त्यांना भाऊकाका म्हणत. त्यांच्या या वेडाने आमच्यापुढे लहानपणीच एक प्रश्न टाकला. तो दिसायला साधा, पण पन्नासहून अधिक वर्षे त्याने आमची पाठ सोडलेली नाही. प्रश्न असा: एखादी गोष्ट खरी आहे, पण ती आपण ऐकलेली नाही, तर 'आम्ही ऐकली' असे सांगण्यात नेमके खोटे काय? गोष्ट तर खरीच आहे ना?

या छंदामागचे शास्त्र आरंभीच थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण प्रश्नाची मुळे त्यातच आहेत. मध्यम लहरींवरचे केंद्र दिवसा आपल्या आसपासच्या प्रदेशापुरतेच ऐकू येते. जमिनीपासून सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशाने विद्युद्भारित झालेला हवेचा एक थर असतो. वर गेलेल्या लहरी तो शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, आणि त्याहून उंचावरच्या थरांवरून परतून त्याच लहरी शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर उतरतात. इंदुरापासून पुणे काय आणि मुंबई काय, सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर. दिवसा आमच्यासाठी मुकी असलेली ही शहरे रात्री बोलू लागत. पण ती सलग बोलत नसत. वरचे थर स्थिर नसतात. आवाज चढतो, बसतो, शेजारच्या लहरीवरचे केंद्र मध्येच घुसते, आणि पावसाळ्यात तर कोठेतरी चमकणाऱ्या विजेचा कडकडाट शब्दाशब्दावर पडतो. एखाद्या वाक्यातले पाच शब्द ऐकू येतात, तीन बुडतात. बुडालेले तीन शब्द मन आपोआप भरून काढते. ते इतक्या सफाईने भरते की ऐकलेले कोणते आणि भरलेले कोणते, हे आपले आपल्यालाच सांगता येत नाही.

भाऊकाका एका कापडगिरणीत हिशेबनीस होते. दिवसभर आकडे लिहून आलेला माणूस रात्री विश्रांती घेईल अशी कोणाची अपेक्षा असे. हे जेवण आटोपले की रेडिओपुढे बसत. व्हॉल्व्हचा तो थोराड रेडिओ तापून बोलता होईपर्यंत थोडा वेळ थांबावे लागे. गच्चीवर दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याची एरियल होती आणि तिची तार खिडकीतून आत आलेली होती. रेडिओशेजारी जमाखर्चाच्या वहीसारखी आडव्या पानांची एक वही असे. तारीख, वेळ, लहर, भाषा, काय ऐकले, आणि अखेरीस पाच आकडे. हे आकडे 'सिन्पो' या आंतरराष्ट्रीय संकेताचे. आवाजाची ताकद, इतर केंद्रांचा अडथळा, खरखर, आवाजातला चढउतार आणि एकंदर दर्जा अशा पाच बाबींना पाचांपैकी गुण द्यायचे. ५ म्हणजे उत्तम, १ म्हणजे जेमतेम. काकांनी दूरच्या केंद्राला कधी पाच दिलेले आम्हांला आठवत नाही. "पुण्याला पाच द्यायचे तर पुण्यात बसून द्यावेत," असे ते म्हणत.

त्या वहीत 'बहुधा' हा शब्द फार येई. 'बहुधा मुंबई. स्त्रीस्वर. मराठी. विषय कळला नाही.' अशा नोंदी पानोपानी होत्या. त्याहून अधिक नोंदी 'ऐकू आले नाही' अशा होत्या. जे ऐकलेच नाही ते लिहायचे कशाला, असे आम्ही एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, "जमाखर्चात शून्यही लिहावं लागतं. जागा कोरी ठेवली तर पुढं कोणीही तिथं आकडा भरतो."

या छंदाचा दुसरा भाग पत्रव्यवहाराचा. श्रोत्याने दूरच्या केंद्राला आपल्या ऐकण्याचा अहवाल पाठवायचा. केंद्राने तो आपल्या दफ्तराशी ताडून पाहायचा आणि जुळला तर एक सचित्र कार्ड पाठवायचे. त्या कार्डाला 'क्यूएसएल' म्हणतात. हाही तारायंत्राच्या भाषेतलाच संकेत, अर्थ पोचपावतीचा. छांदिष्टांच्या घरी अशी कार्डे सुवर्णपदकांसारखी जपलेली असतात. परंतु या पडताळणीत एक उणीव मुळातच आहे. अमुक वेळी अमुक कार्यक्रम प्रक्षेपित झाला, एवढेच केंद्र तपासू शकते. तो कार्यक्रम श्रोत्याच्या कानावर पडला की नाही हे तपासण्याचे साधन केंद्राजवळ नाही. तेवढा भाग सर्वस्वी श्रोत्याच्या सचोटीवर सोपवलेला असतो.

१९६९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, आम्ही ही सचोटी मोडली. युरोपातल्या एका केंद्राचे छापील कार्यक्रमपत्रक टपालाने आमच्याकडे आले होते. त्या केंद्राचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, कारण दोष सर्वस्वी आमचा होता. लघुलहरींवर ते केंद्र धरण्यासाठी आम्ही तीन रात्री खटपट केली. त्या जागी दुसरेच एक जोरकस केंद्र ठाण मांडून बसलेले होते. चौथ्या दिवशी पत्रक पुढे ठेवून आम्ही अहवाल लिहिला. वेळ, कार्यक्रमाचे नाव, आरंभीची धून, सारे व्यवस्थित. धून कशी आहे ते एका मित्राकडून कळले होते. गुणही पाच न देता तीन-चार असे बेताचे दिले, म्हणजे अहवाल खरा वाटावा. दोनेक महिन्यांनी कार्ड आले. चित्रात नदी, पूल आणि पलीकडे घड्याळाचा मनोरा. मागे टंकलिखित आमचे नाव. ते कार्ड वाड्यातल्या सात बिऱ्हाडांतून फिरून आले.

काकांनी ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, "काय ऐकलंस?"

आम्ही कार्यक्रमाचे नाव सांगितले.

"ते कार्डावर लिहिलंय. तू काय ऐकलंस?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते रागावले नाहीत. कार्ड परत देत एवढेच म्हणाले, "कार्यक्रम झाला असेल. तू लिहिलंस त्याच वेळी झाला असेल. पण तू तिथं नव्हतास."

त्या रात्री आम्ही मनातल्या मनात स्वतःची वकिली पुष्कळ केली. आमच्या अहवालात जगाविषयी एकही चुकीचे विधान नव्हते. कार्यक्रम झाला होता, त्याच वेळी झाला होता, त्याच लहरीवर झाला होता. खुद्द केंद्राने तसा दाखला दिला होता. संपूर्ण कागदावर खोटा शब्द एकच होता, 'ऐकले'. पण तो काढून घेतला तर उरलेला कागद पत्रकाची नक्कल ठरत होता, हेही आम्हांला त्याच रात्री उमगले.

या छंदाच्या जन्मापाशीच हा प्रश्न उभा आहे. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स येथील टेकडीवर पतंगाने उंच नेलेली तार कानाशी जोडून मार्कोनी बसला होता. अटलांटिकपलीकडे, सुमारे ३,४०० किलोमीटरवर, इंग्लंडातल्या पोल्डू येथून मोर्स लिपीतले 'एस' हे अक्षर, म्हणजे तीन ठिपके, ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा पाठवले जात होते. दुपारच्या सुमारास ते तीन ठिपके आपण ऐकले, असे मार्कोनीने जाहीर केले. सहायक केम्प यानेही ऐकल्याचे सांगितले. कागदावर खूण उमटवणारे यंत्र त्या वेळी वापरलेले नव्हते; पुरावा म्हणजे दोन माणसांचे कान. काय ऐकू यायचे आहे आणि कोणत्या वेळी, हे त्या कानांना आधीच ठाऊक होते. शिवाय वेळ दिवसाची, म्हणजे लहरी शोषून घेणारा थर भर बळात असण्याची. आकाशातल्या विजेचे टक्-टक् आवाज ठिपक्यांसारखे भासू शकतात. त्यामुळे त्या दिवशी त्या दोघांनी नेमके काय ऐकले याविषयी जाणकारांत आजतागायत मतभेद आहेत.

येथे मार्कोनीच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचा आमचा हेतू नाही. उलट पुढे त्याने जे केले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. १९०२ च्या फेब्रुवारीत 'फिलाडेल्फिया' या जहाजावरून अमेरिकेकडे जाताना त्याने पोल्डूचे संदेश कागदी फितीवर उमटवून घेतले आणि जहाजावरच्या लोकांसमक्ष नोंदवले. रात्री दोन हजार मैलांपलीकडूनही खुणा उमटल्या. दिवसा मात्र संदेश सुमारे सातशे मैलांपर्यंतच मिळाले. म्हणजे त्याच्याच काळजीपूर्वक नोंदीने त्याच्या आधीच्या दाव्यावरची शंका वाढली. अटलांटिक ओलांडून बिनतारी संदेश जाऊ शकतो ही गोष्ट खरी होती, पुढे ती सिद्धही झाली. तरीही १२ डिसेंबरच्या दुपारी ती ऐकली गेली होती काय, हा प्रश्न निराळाच राहतो.

भाऊकाकांनी आम्हांला हा धडा १९६९ साली दिला. तो त्यांनी स्वतः केवढी किंमत देऊन पाळला होता, हे मात्र आम्ही त्याआधी आठ वर्षांपूर्वी पाहिले होते; फक्त तेव्हा आमचे वय नऊ असल्याने आम्हांला त्याचा अर्थ कळला नव्हता.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले. आमची आत्या शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला राहत असे. इंदुरात बातमी पोहोचली तेव्हा वाड्यातल्या निम्म्या घरांत कोणा ना कोणाचे माणूस पुण्यात होते. तारांना उत्तरे येत नव्हती. संध्याकाळनंतर सारा वाडा आमच्या ओसरीवर जमला, कारण मोठी एरियल आमच्याकडे होती. आजी देवघराच्या उंबऱ्यावर बसून होती. काका रेडिओची कळ केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे फिरवत होते. जुलैचे आभाळ, विजांच्या कडकडाटाखेरीज काही येईना. मुंबई दोनदा वर आली आणि दोनदा बुडाली. पुणे मिळालेच नाही. "केंद्र मुकं आहे की आपला रेडिओ बहिरा, हे इथून सांगता येत नाही," असे काका जमलेल्यांना म्हणाले.

रात्री दहाच्या सुमारास चौकापलीकडचे मास्तर आपल्या घरच्या रेडिओवरून उठून आले. म्हणाले, "आताच सांगितलं. शनिवारातली माणसं वेळेत बाहेर काढली. सगळी सुखरूप आहेत."

आजीने हात जोडले. मग तिने काकांकडे पाहिले. "भाऊ, तूही ऐकलंस ना रे?"

काका म्हणाले, "आई, मी नाही ऐकलं. मास्तरांनी ऐकलं असेल."

ओसरीवर कोणी बोलले नाही. आत गेल्यावर काकू त्यांच्यावर फार संतापल्या. एक शब्द 'हो' म्हटला असता तर कोणाचे काय गेले असते, असे त्या रडत रडत विचारत होत्या. आजी मास्तरांच्या शब्दावर विसंबून थोडा वेळ झोपली. काका केंद्रे बंद होईपर्यंत रेडिओपाशी राहिले आणि पुढे पहाटेपर्यंत तिच्या अंथरुणाशेजारी बसून होते. त्या तारखेची वहीतली नोंद आमच्याजवळ आहे: 'पुणे. ऐकू आले नाही.' तेराव्या तारखेला तेच. चौदाव्यालाही तेच. सहाव्या दिवशी आत्याचे कार्ड आले. घर गेले होते. माणसे पर्वतीच्या बाजूला ओळखीच्यांकडे सुखरूप होती.

म्हणजे मास्तरांचे सांगणे खरे ठरले. पुढे पुष्कळ वर्षांनी, काका गेल्यानंतर, मास्तरांनी स्वतःच आम्हांला सांगितले की त्या रात्री त्यांच्याही रेडिओवर खरखरीशिवाय काही नव्हते. "तुमच्या आजीला झोप तर लागली," असे म्हणून ते गप्प झाले.

दोघांत अधिक माणुसकी कोणाची, हा प्रश्न आम्ही आयुष्यभर उलटसुलट करीत आलो आहोत. तरुणपणी आम्ही मास्तरांच्या बाजूचे होतो. सत्याच्या सोवळ्यापायी आईला तळमळत ठेवणारा मुलगा आम्हांला कठोर वाटे. आजही मास्तरांना आम्ही लबाड म्हणणार नाही. त्यांनी जे केले ते दयेपोटी केले, आणि त्या रात्रीपुरता त्याचा गुणही आला. जे नीतिशास्त्र त्या झोपेची किंमत शून्य धरते ते आम्हांला मान्य नाही.

परंतु दोन गोष्टी आमच्या ध्यानात उशिरा आल्या. पहिली, काकांनी मास्तरांना खोटे पाडले नाही. 'मास्तरांनी ऐकले असेल' हे चातुर्याचे उत्तर नव्हते, तंतोतंत खरे उत्तर होते. दुसऱ्याच्या कानात काय पडले हे त्यांना ठाऊक नव्हते, तेव्हा त्याविषयी ना होकार ना नकार. स्वतःच्या कानापुरतेच ते बोलले. दुसरी गोष्ट आजीची. दुसऱ्या दिवसापासून ती मास्तरांकडे काही विचारायला गेली नाही. ती रोज रात्री काकांजवळ येऊन बसे आणि विचारी, "आज?" काका म्हणत, "नाही." आणि ती उठून जाई. सहाव्या दिवशी कार्ड आले तेव्हा घरात ते वाचू शकणारी चार माणसे हजर होती. आजीने ते कोणाच्या हाती पडू दिले नाही. काका गिरणीतून येईपर्यंत पदराखाली धरून ठेवले आणि ते आल्यावर म्हणाली, "तू वाच." ज्याने तीन रात्री 'नाही' म्हटले त्याच्या तोंडचे 'सुखरूप' तिला हवे होते.

महाभारतात याच्या उलट उदाहरण आहे. द्रोणाचार्यांनी अश्वत्थाम्याविषयीची वार्ता साऱ्या रणांगणात धर्मराजालाच विचारली, कारण इतरांच्या सांगण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. धर्मराज जे बोलला त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण वाक्याचा उत्तरार्ध त्याने पुटपुटला आणि, आपल्या कथेकऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे, तो शंखनादात बुडाला. आचार्यांच्या कानी अर्धेच वाक्य पोहोचले, उरलेले त्यांच्या दुःखाने भरून काढले. शब्द खरे आणि साक्ष खोटी, असा तो प्रकार आहे. धर्मराजाचा भूमीपासून चार बोटे वर चालणारा रथ त्या क्षणी खाली आला असे व्यासांनी सांगितले, ते याचसाठी असावे. गोष्ट खरी असणे आणि साक्ष खरी असणे ही दोन वेगळी सत्ये आहेत. पहिले जगाच्या स्वाधीन आहे. दुसरे तेवढे आपल्या स्वाधीन आहे.

येथे एक सावधगिरी हवी. 'ऐकू आले नाही' याचा अर्थ 'कोणी बोलले नाही' असा नव्हे, आणि कोणाची पोच आली नाही याचा अर्थ कोणी ऐकले नाही असाही नव्हे. गोव्याच्या वाचकांना 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त केंद्र आठवत असेल. १९५५ च्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुरू केले. आंबोली, कॅसलरॉक येथल्या रानांतून आणि पुढे बेळगावहून, १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत, ते कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये बोलत राहिले. पोर्तुगीज अमलाखाली ते ऐकणे जोखमीचे. मग ऐकल्याची पोच कोण पाठवणार? रोजच्या बोलण्याला रोजची पावती नसताना ती माणसे सहा वर्षे बोलली. त्यांच्या दफ्तरी श्रोत्यांच्या जागी शून्य असते, तरी ते शून्य श्रोत्यांचे नव्हते, पत्रांचे होते. काकांची वहीदेखील एवढेच सांगत होती. पुण्याचे काय झाले हे तिला ठाऊक नव्हते. इंदुरातल्या एका कानाचे काय झाले, तेवढे ती सांगत होती.

आता काळ एफ.एम.चा आहे. आपल्या देशात एफ.एम. प्रक्षेपण १९७७ साली मद्रासला सुरू झाले आणि २००१ मध्ये खासगी केंद्रे सुरू झाली तेव्हा आमचे इंदूर अगदी पहिल्या शहरांत होते. एफ.एम.च्या लहरी सामान्यतः वरच्या थरांवरून परतत नाहीत. त्या जवळजवळ दृष्टीच्या टप्प्याएवढ्याच जातात. १०० मीटर उंचीच्या मनोऱ्याचे क्षितिज सुमारे ४० किलोमीटरवर संपते. त्यामुळे प्रत्येक केंद्राभोवती नकाशावर एक वर्तुळ काढता येते आणि त्यातली लोकसंख्या मोजून 'इतक्या लाखांपर्यंत आमचा आवाज पोहोचतो' असे सांगता येते. ही आकडेमोड नियोजनाला आवश्यकच आहे. पण वर्तुळातल्या प्रत्येकाच्या वतीने 'ऐकले' अशी सही कोणी केलेली असते? इंदुराहून खंडव्याच्या वाटेने सिमरोळ मागे टाकून घाट उतरू लागले की आमच्या मोटारीतले गाणे वळणागणिक तुटते. नकाशा तेथेही वर्तुळाचाच रंग दाखवीत असेल. उलट कधी समुद्रावर उष्ण हवेचा थर असा बसतो की या सरळ जाणाऱ्या लहरीही त्याखालून फार दूर वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानच्या किनाऱ्याच्या खुणा उमटल्याची नोंद आहे. म्हणजे वर्तुळाच्या आतही न ऐकणारे असतात आणि बाहेरही ऐकणारे असतात. हिशेब कानांचा करायचा तर कानांनाच विचारावे लागते.

एफ.एम.चा आणखी एक गुण विचार करण्याजोगा आहे. मध्यम लहरींवर एकाच जागी दोन केंद्रे आली तर दोन्ही मिसळून ऐकू येत. गोंधळ होई, पण दोघे बोलत आहेत हे कळे. एफ.एम.चा ग्राहक जोरकस असेल ते केंद्र ठेवतो आणि दुबळे पुसून टाकतो. ऐकणाऱ्याला स्वच्छ आवाज मिळतो, आणि आपण काही ऐकले नाही हेही त्याला कळत नाही. जुन्या रेडिओची खरखर त्रासदायक खरीच. पण ती आपले अज्ञान आपल्याला ऐकवीत असे.

दूरच्या आवाजाचे ते जग आता बरेच आटले आहे. नागपूरच्या बलाढ्य प्रक्षेपकावरून १९८८ पासून रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी २०१९ च्या जानेवारीत थांबली. लघुलहरींवरची बीबीसीची हिंदी सेवा २०२० च्या ३१ जानेवारीला. पुणे केंद्र ऐकायला आज एरियल लागत नाही. मोबाइलवर ते पाचांपैकी पाच ऐकू येते, भर दुपारीदेखील. छांदिष्टांची नवी पिढी आंतरजालावरचे ग्राहक वापरते. नेदरलंड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने २००८ पासून असा एक ग्राहक जगाला खुला केला. इंदुरात बसून त्याच्या एरियलवर युरोपातली केंद्रे ऐकता येतात. मग हे ऐकणे आपले म्हणायचे की त्या यंत्राचे? या वादावर छांदिष्टांनी काढलेला तोडगा आम्हांला फार आवडला. उसन्या कानाने ऐकले तरी हरकत नाही. मात्र अहवालात तो ग्राहक कोठला होता ते लिहावे.

हा नियम रेडिओपुरताच आहे असे आम्हांला वाटत नाही. आपण बाहेर वसलेली मराठी कुटुंबे तर पिढ्यान्पिढ्या दूरच्या आवाजावर जगत आलो आहोत. कोणाचे पूर्वज होळकरांबरोबर आले, कोणाचे शिंद्यांबरोबर, कोणाचे गायकवाडांच्या पदरी होते. त्या मूळ घराचा आवाज आपल्यापर्यंत आजी-आजोबांच्या तोंडून, चढत, बसत, मधले शब्द गाळत आला. गाळलेल्या जागा आपण भरल्या. त्या प्रेमाने भरल्या, मास्तरांनी भरली तशाच.

काही वर्षांपूर्वी आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची होती. आमच्या शाखेची माहिती लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले. आमचे खापरपणजोबा होळकर दरबारी मोठ्या हुद्द्यावर होते असे घरात सांगतात. तो हुद्दा सांगणाऱ्यागणिक वाढतोही. कागद मात्र एकही नाही. ते खरोखर तसे असतीलही. तेव्हा आम्ही लिहिले: 'दरबारी नोकरीस होते असे वडिलांच्या तोंडून ऐकले. हुद्दा बहुधा कारकुनाचा. लेखी आधार आढळला नाही.' भाऊबंदांपैकी काहींना ते रुचले नाही. एका पुतण्याने तर विचारले, "काका, तुमच्या एका शब्दाने घराण्याचं काय बिघडलं असतं?" काकूंनी १९६१ च्या त्या रात्री हेच विचारले होते. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, की तुझी नातवंडे कधीतरी हे वाचतील. आम्ही 'बहुधा' लिहिले तेथे त्यांना शोध घेता येईल, खात्रीने लिहिले असते तर त्यांनी शोधलेच नसते. त्याला ते पटले की नाही हे सांगता येत नाही.

काकांच्या वह्या आता आमच्याकडे आहेत. वाळवी लागू नये म्हणून दरवर्षी दिवाळीआधी त्या उन्हात ठेवतो. गेल्या वर्षी ठेवताना १९६९ च्या वहीतून ते नदीचे, पुलाचे कार्ड खाली पडले. आम्ही ते फेकून दिले अशी आमची समजूत होती. काकांनी ते उचलून ठेवले असावे. मागे त्यांच्या अक्षरात काही लिहिले असेल म्हणून आम्ही पाहिले. काही नव्हते. ती जागा त्यांनी कोरी ठेवली होती; ते काम त्यांचे नव्हतेच. आम्ही पेन्सिल घेतली, आपल्या नावाखाली तारीख घातली आणि लिहिले, 'ऐकू आले नाही.'